चेहरा देता का?

आमच्या चोपड्यात खवीस कोण म्हणून कुणालाही विचारा, बस स्टँडमागच्या सायकलवाल्याकडे बोट दाखवतील. मुंजा पुण्याला नोकरी करतो, दिवाळीला घरी येतो. झोटिंग मागच्या उन्हाळ्यात वारला, सगळा बाजार त्याच्या अंत्ययात्रेला होता. वेताळ सावद्याला केळीचा व्यापार करतो आणि अजूनही भेटला की विचारतो, ‘‘काय मॅडम, वळखलं का वेताळाले?’’ ही सगळी आमच्या दगडूसरांची करणी.

दगडूसर शाळेत चित्रकला शिकवायचे आणि मी विज्ञान. म्हणजे एक जण पोरांना भुतं दाखवायचा आणि दुसरी ती नाहीत म्हणून घसा फोडायची. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या नेमक्या शेजारी होत्या, त्यामुळे वाद रोजचाच. सर बशीत चहा ओतून फुर्र फुर्र करत प्यायचे, त्याचा मला भयंकर राग यायचा. पेन्सिल कानावर ठेवायचे आणि तीच शोधत शाळाभर फिरायचे. पोरं बघायची, पण मुद्दाम सांगायची नाहीत.

सरांच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून आईनं नाव ठेवलं दगडू. दगडाकडे कोण कशाला नजर लावतंय! सर म्हणायचे, ‘‘भुतांची नि माझी ओळख जन्माआधीची आहे, मॅडम. माझं बारसंच त्यांना फसवायला केलं होतं.’’ आणि हसायचे. हसताना त्यांचा डावा खांदा वर जायचा.

सुट्टी लागली की पिशवी खांद्याला लावून ते खेडोपाडी निघायचे. म्हाताऱ्या माणसांपुढे बसून गोष्टी ऐकायचे. पाण्यातल्या साती आसरा, वाट चुकवणारा चकवा, पिंपळावरचा मुंजा, विहिरीतली हडळ. मग त्यांची चित्रं काढायची, शेजारी मोठ्या टायपात चार ओळी लिहायच्या आणि जळगावच्या एका छापखान्यातून पातळ पातळ पुस्तकं छापून आणायची. पातळ असतील, पण चित्रं! मी भुताखेतांवर काडीचा विश्वास न ठेवणारी बाई, पण आसरांचं पान उघडलं की आपण घोट्याएवढ्या पाण्यात उभे आहोत असं वाटून मी पाय वर घ्यायचे. खोटं कशाला बोलू?

त्या चित्रांतली गोम म्हणजे चेहरे. सरांनी एकही चेहरा मनानं काढला नाही. ‘‘भूत असो नाहीतर देव, चेहरा माणसाचाच लागतो,’’ असं त्यांचं म्हणणं. आठवडे बाजारात ते मिरचीच्या ढिगाशेजारी स्टूल टाकून बसायचे आणि एखादा चेहरा मनात भरला की सरळ जाऊन विचारायचे, ‘‘चेहरा देता का?’’ जणू पावशेर शेंगदाणे मागताहेत. हो म्हटलं तर तिथंच कागद काढायचे, नाही म्हटलं तर रामराम करून पुढं जायचे. विचारल्याशिवाय कधीही नाही. ‘‘न विचारता आणलेला चेहरा कागदावर नांदत नाही,’’ म्हणायचे.

सावद्याच्या शेठचीच गोष्ट सांगते. त्यांना सरांनी सांगितलं होतं, तुम्हाला राजा करतो. शेठनी फेटा बांधून ऐटीत चेहरा दिला. पुस्तक आलं आणि शेठ जीप घेऊन तडक शाळेत. आवाज पार मैदानापर्यंत. ‘‘मास्तर, तुम्ही तं राजा करतो म्हने होते! हे काय करून ठेवलं माह्यं?’’ सर शांतपणे म्हणाले, ‘‘शेठ, वेताळ हा भुतांचा राजाच असतो. त्याच्या पालखीपुढे सगळी भुतं मशाली घेऊन चालतात.’’ शेठनी पान पुन्हा बघितलं. पालखी होती, मशाली होत्या, फेटाही झकास आला होता. जाताना उरलेल्या प्रती उचलून नेल्या आणि ते पान काचेत मढवून दुकानात लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी लावलं.

मलाही एकदा विचारलं होतं. मी म्हटलं, ‘‘मला हडळ करून ठेवाल, नको.’’

‘‘हडळ कशाला? ब्रह्मराक्षस शोभाल. सारखं काहीतरी शिकवत असतो तो.’’

मी डस्टर उचललं तसे पळाले.

आणखी एक सवय होती. डोळे सगळ्यात शेवटी काढायचे. आधी त्या माणसाला हसताना ऐकायचं, मग डोळे. ‘‘डोळे काढले की चित्र बघायला लागतं, मॅडम. आणि एकदा बघायला लागलं की ते आपल्याला सोडत नाही.’’ मी हे हसण्यावारी न्यायचे.

सरांच्या निम्म्याहून जास्त गोष्टी आल्या त्या कौतिकअक्कांकडून. सातपुड्याच्या पायथ्याशी एक गाव आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही. अक्का तिथं राहायच्या. नवरा कामाला म्हणून सुरतेला गेला तो गेलाच. चार बकऱ्या, थोडी कोरडवाहू जमीन आणि इतर वेळी केळीच्या बागेत मजुरी. सर मला एकदा सोबत घेऊन गेले होते. अक्का ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. शेंगा फोडता फोडताच गोष्ट सुरू झाली, आणि डाकीण आली तशी त्यांनी एक डोळा बारीक केला, मान वाकडी केली, ओठ आत ओढून घेतले. अहो, समोर बसलेली ती साधी बाई कुठं गेली कळेना! माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. गोष्ट संपली आणि अक्का खळखळून हसल्या. ‘‘भ्याई गयी का व मास्तरीन?’’ सरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा खांदा वर गेला होता.

त्या गावात अक्कांना मान होता तो गळ्यासाठी. श्रावणात आमच्या खान्देशात घरोघर कानबाई बसते. नारळाला डोळे, नाक, नथ लावून त्याची देवी करतात, रात्रभर बायका गाणी म्हणतात आणि सकाळी डोक्यावरून नदीला नेतात. त्या गावात अक्कांनी आवाज लावल्याशिवाय कानबाईचं गाणं सुरू होत नसे. आणि कानबाईचा रोट, तो गव्हाच्या जाड पोळीचा प्रसाद, भावकीबाहेर द्यायचा नसतो. सोयरा असो की शेजारी, त्याला पुरणपोळी वाढा, रोट नाही. ज्याच्या ताटात रोट पडला तो आपला, एवढा सरळ हिशेब. अक्का एकट्या असल्या तरी त्यांचा तुकडा दरवर्षी दिराकडून यायचा.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात सरांचं नवं पुस्तक आलं, ‘बांधावरची डाकीण’. मी स्टाफरूममध्ये उघडलं आणि चटकन मिटलं. बारीक केलेला तो डोळा, वाकडी मान. अक्का! सरांच्या हातून इतकं चांगलं चित्र आधी झालं नव्हतं, नंतर तर झालंच नाही. मी म्हटलं, ‘‘अक्का खूश असतील की.’’ सर म्हणाले, ‘‘त्यांना प्रत नेऊन द्यायची आहे. घरचंच माणूस, जाईन सावकाश.’’ मीही पुढं काही विचारलं नाही.

पावसाळ्यात वर्गात तापाचा धडा चालू होता. डास, जंतू, उकळलेलं पाणी. त्या गावाहून येणारी एक मुलगी उभी राहिली. हुशार पोरगी, पहिल्या पाचांतली. म्हणाली, ‘‘मॅडम, ताप डासानं येतो ते माहितीय. पण आमच्या गावात डाकीण पण आहे.’’ पोरं हसली, मीही हसले. ती मात्र हसली नाही. ‘‘खरंच मॅडम. पुस्तकात छापलेली आहे.’’

तास सोडून मी तिला बाहेर घेतलं आणि सगळं विचारलं. गावातली पोरं तापानं आजारी पडली होती. शाळेतलं पुस्तक कुणीतरी घरी नेलं, कुणीतरी त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढला आणि तो गावभर फिरला. ‘‘छापेल शे ते काय खोटं ऱ्हास का?’’ असं म्हातारी माणसंसुद्धा बोलायला लागली. अक्का हातपंपावर आल्या की बायका हंडे उचलून बाजूला व्हायच्या. केळीच्या बागेत टोळीत घेईनात. पोरांना त्यांच्या दारावरून जाऊ देईनात. आणि त्या श्रावणात त्यांना गाण्याला कुणी बोलावलंच नाही. कानबाईपुढे मोबाइलवर गाणी लावली. दिराकडून रोट आला नाही.

स्टाफरूममध्ये सर चहा पीत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांनी बशी खाली ठेवली, म्हणजे ठेवायला गेले, ती टेबलाच्या कडेवरून खाली पडली. फुटक्या बशीकडे बघत ते इतकंच म्हणाले, ‘‘मी विचारलं नव्हतं हो तिला.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘चेहरा देता का, असं सगळ्या जगाला विचारलं. तिला नाही विचारलं. म्हटलं, ही काय, आपलीच.’’

मला त्यांचा राग आला होता, आजही आहे. माणूस आपलं वाटलं की त्याला गृहीत धरायचं, ही आपल्याकडची जुनी खोड. पण त्यांचा चेहरा बघून मी खाली वाकले आणि बशीचे तुकडे गोळा करायला लागले.

दुसऱ्या दिवशी ते गावाला गेले. तिथं काय झालं ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. नंतर रजा टाकून शाळाशाळांतून प्रती गोळा करायला लागले. चोपडा, यावल, पार धुळ्यापर्यंत एस.टी.नं हिंडले. मी म्हटलं, ‘‘सर, पुस्तकं गोळा कराल, मोबाइल कसे गोळा करणार?’’ एकदा त्यांच्या घरी गेले तर भिंतीवरची सगळी चित्रं पाठमोरी. खवीस, मुंजा, आसरा, सगळी भिंतीकडे तोंड करून. वहिनी दबक्या आवाजात म्हणाल्या, ‘‘बघतात म्हणे. जेवतानासुद्धा त्या एका कोपऱ्याकडे पाठ करून बसतात.’’ कोपऱ्यात ते मूळ चित्र होतं, तेही पाठमोरं. खरं सांगते, तिथून निघताना मीही त्या कोपऱ्याकडे बघायचं टाळलं. विज्ञान शिकवते मी! पण टाळलं.

पुढच्या श्रावणाआधी सर एकदम हुशारीत आले. मोठ्या कापडावर कानबाईचं चित्र काढलं होतं. भरजरी साडी, कपाळभर कुंकू, नथ, आणि चेहरा अक्कांचा. ‘‘ज्या चेहऱ्याला भ्यायले, त्याच चेहऱ्याच्या पाया पडतील. चला, मॅडम.’’ मला गडबड वाटत होती, पण गेले. मारुतीच्या पारावर चित्र लावलं. गाव जमलं. मग एका बाईनं घाबरत घाबरत हात जोडले. बघता बघता कुणी अक्कांच्या उंबऱ्यावर नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं. पण आत कुणी गेलं नाही. नारळ फोडून सगळी लगबगीनं मागं फिरली, आधीसारखीच.

अक्का दारात आल्या. उंबऱ्यावरचं कुंकू बघितलं, मग सरांकडे बघितलं. आवाज चढला नाही त्यांचा.

‘‘पहिले तू माले डाकीन करी, आते देवी करी राहिना. माले बाईच ऱ्हावू दे ना रे, भाऊ.’’

आणि दार लावून घेतलं.

परतीच्या बसमध्ये सर गुंडाळलेलं कापड मांडीवर घेऊन बसले होते. मी न राहवून विचारलं, ‘‘या वेळी तरी विचारलं होतंत का?’’ त्यांनी मान हलवली, नाही म्हणून.

त्यानंतर सर निवृत्त झाले. निरोपसमारंभात भाषणं झाली, पोरांनी भुतांचे मुखवटे घालून नाच केला, सर शेवटच्या रांगेकडे बघत बसले. नंतर वहिनींचा फोन यायचा. ‘‘आरसा घेऊन बसतात हो. आरशालाच विचारतात, चेहरा देता का? आणि मग स्वतःच हो म्हणतात. मला भीती वाटते.’’ मलाही वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळीच गेले.

सर व्यवस्थित होते. समोर नवं चित्र होतं. तीच डाकीण, तोच बारीक डोळा, तीच वाकडी मान, पांढरे केस मोकळे सोडलेले. पण केसांच्या मधोमध चेहरा होता दगडूसरांचा. कानावर पेन्सिलसुद्धा! मला हसू आलं आणि लगेच थांबलं. कारण डोळे काढलेले होते, आणि त्या डोळ्यांत हसण्यासारखं काहीच नव्हतं.

त्यांनी ते पान नव्यानं छापून घेतलं. पिशवीत डिंकाची बाटली टाकून पुन्हा शाळाशाळांतून फिरले, व्हरांड्यात बसून, राहून गेलेल्या प्रतींत जुन्या पानावर नवं पान चिकटवलं. मग त्या गावात गेले, पारावर बसले आणि पोरांना बोलावून मोठ्यानं गोष्ट वाचली. ‘‘ही बघा डाकीण. कुणासारखी दिसते?’’ पोरं आधी दबकली, मग एक जण ओरडलं, ‘‘तुमच्यासारखी!’’ एकच हशा. मोठी माणसंही हसली. पोरांनी फोटो काढले, इकडून तिकडे पाठवले. दगडूमास्तर डाकीण झाला, ही खबर आठवड्याच्या बाजाराआधी चोपड्यात पोचली. जुना फोटो नव्या फोटोंखाली कुठं गेला कुणाला कळलं नाही. लोकांना काय, बघायला नवीन लागतं.

हळूहळू पंपावरच्या बायका अक्कांशी बोलायला लागल्या. केळीच्या टोळीत त्यांचं नाव पुन्हा आलं. सर मला फोनवर एकेक बातमी द्यायचे.

पण हसणं मोठ्यांचं होतं. लहान पोरांनी ते चित्र वेगळंच घेतलं. न जेवणाऱ्या पोराला आया सांगायला लागल्या, दगडूमास्तर येईल हं! सर बाजारात स्टूल टाकून बसले की त्या बाजूच्या गावांतल्या बायका पोराचं तोंड पदरानं झाकून पुढं जायच्या. मिरचीवालीनं एकदा हळूच सांगितलं, सर, जरा पलीकडे बसता का, गिऱ्हाईक बिचकतं. सरांनी मला हे हसत हसत सांगितलं. खांदा मात्र वर गेला नाही. मी चिडले. ‘‘सांगा की लोकांना, गंमत केली म्हणून!’’ तर म्हणाले, ‘‘सांगितलं तर पुन्हा चेहरा शोधतील, मॅडम. कुणाचा ना कुणाचा लागतोच त्यांना. माझा राहू दे. मी विचारून दिलाय.’’

मागच्या श्रावणात त्यांचा फोन आला. कानबाईच्या विसर्जनाला त्या गावी जाऊ या म्हणाले. आवाज खोल गेला होता, दम लागत होता. ‘‘यंदा अक्कांना गाण्याला बोलावलंय. लांबून ऐकायचंय.’’ मी रिक्षा ठरवून त्यांना घेऊन गेले. नदीच्या वाटेवर, गावाबाहेर एका लिंबाखाली आम्ही उभे राहिलो. सरांनी छत्रीवर भार टाकला होता. अंगातला शर्ट कुणा दुसऱ्याचा वाटावा इतके वाळले होते.

वाजंत्री जवळ आली. डोक्यावर कानबाई घेतलेल्या बायका, मागं बाकीच्या, आणि मधोमध अक्का. आवाज थोडा चिरकला होता, पण ओढून नेणारा होता अजून. सर डोळे मिटून ऐकत होते.

तेवढ्यात आईचं बोट धरून चालणाऱ्या एका बारक्या पोराची नजर लिंबाखाली गेली. ‘‘डाकीन!’’ असा ओरडला की गाणंच थांबलं. पोरगं आईच्या पदरात शिरून थरथरत होतं. आईनंही त्याला उचलून पाठ फिरवली. वाजंत्री बंद. सगळ्या बायका लिंबाखाली बघत होत्या. सर एक पाऊल मागं सरकले, झाडाला टेकले. मी काही बोलणार, तर त्यांनी माझा हात दाबला.

अक्का घोळक्यातून बाहेर आल्या. आधी त्या पोराजवळ गेल्या, त्याच्या पाठीवर हात ठेवला.

‘‘काबर भ्यास रे बाळ? डाकीन नही शे. मास्तर शे.’’ मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, ‘‘मन्हा भाऊ शे.’’

त्यांनी ओटीत बांधलेली पुरचुंडी सोडली, दिराकडून आलेल्या रोटाचा तुकडा मोडला आणि सरळ चालत येऊन सरांच्या हातावर ठेवला. सगळं गाव बघत होतं. दीरही बघत होता. अक्का मागं फिरल्या, घोळक्यात शिरल्या, गाणं होतं तिथून उचललं. ते पोरगं मात्र आईच्या खांद्यावरून वळून वळून सरांकडे बघत होतं, भेदरलेलंच.

गाणं नदीकडे गेलं. सर हातातल्या तुकड्याकडे बघत उभे होते. मी म्हटलं, ‘‘खा की, सर.’’

‘‘रोट भावकीबाहेर देत नाहीत, मॅडम.’’

‘‘मग?’’

सरांनी तुकडा तोंडात घातला. रोट कडक होता आणि सरांना दाढा राहिल्या नव्हत्या, त्यामुळे चघळायला फार वेळ लागला. मी रिक्षावाल्याला थांब म्हणून खूण केली. त्यांनी सगळा संपवला, तळहाताला चिकटलेला चुरासुद्धा जिभेनं टिपून घेतला. मग त्यांचा डावा खांदा वर गेला.

दिवाळीआधी सर गेले.